बाई, तुम्ही कुणाकडून?

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय एक्केचाळीस, चौथीचा वर्ग माझ्याकडे. आम्ही मराठा. शाळेतली माझी अठरा वर्षांची मैत्रीण वंजारी आहे. दोघींची बाळंतपणं एकाच वर्षातली, मधल्या सुट्टीचा डबा एकच. 2023 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, मराठा विरुद्ध ओबीसी असं झालं, आणि सगळं बदललं. दीर म्हणतात, “वहिनी, घरातल्या सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, तुमचंच नाही. तुम्ही कुणाकडून?” लोकसभेच्या निकालानंतर तर सगळ्यांसमोर म्हणाले, मत कुणाला दिलं ते देवाची शपथ घेऊन सांगा. मी गप्प राहिले. सासरे काही बोलत नाहीत, पण ऐकत असतात. 2016 मध्ये बीडच्या मूक मोर्चाला आम्ही सगळेच गेलो होतो, मीही. आता मात्र कुणाच्या दुकानातून काय घ्यायचं हेसुद्धा गावात ठरलेलं आहे.

निकालानंतर शाळा उघडली त्या दिवशी एका सरांनी पेढे आणले आणि म्हणाले, “जिरली एकदाची.” मैत्रीण समोरच बसली होती. मी पेढा घेतला. काही बोलले नाही. तेव्हापासून ती डबा घेऊन दुसरीच्या वर्गात बसते. परवा म्हणाली, “तू गप्प बसतेस म्हणजे तू तिकडचीच.” घरी मी इकडची नाही आणि शाळेत तिकडची. वर्गातली मुलंही हल्ली आपापली वेगळी बसतात, पण लहान आहेत, विसरतील. ताई, मला या राजकारणात पडायचंच नाही. गप्प राहणं हा भेकडपणा आहे का?

एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर

प्रिय बाई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आरक्षणावरचं किंवा निवडणुकीवरचं मत कुणालाही न सांगणं हा भेकडपणा नाही. तो तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या नोकरीत, तुमच्या गावात ते शहाणपणाचंही आहे. पण तुमच्या पत्रात एकाच शब्दाखाली तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी बांधून पाठवल्या आहेत. दिरांपुढे गप्प राहिलात ती एक. पेढे वाटले तेव्हा गप्प राहिलात ती दुसरी. आणि वर्गातली मुलं वेगळी बसायला लागली तेव्हा गप्प राहिलात ती तिसरी. मला या तिन्ही सारख्या वाटत नाहीत.

दिरांचं आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. मत कुणाला दिलं हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 94 सांगतं की, कुणी कुणाला मत दिलं हे सांगायला साक्षीदारालाही भाग पाडता येत नाही. कोर्टातल्या साक्षीदाराला जे विचारता येत नाही, ते ओसरीवर बसलेल्या वहिनीला देवाची शपथ घालून विचारणं बरोबर नाही. तुम्ही शपथ घेतली नाहीत हे चांगलं केलंत. पुढेही घेऊ नका. खरं सांगायची घेऊ नका आणि खोटं सांगून सुटका करून घ्यायचीही घेऊ नका. एकदा घेतली की पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ती मागितली जाईल.

दीर असे का वागतात तेही मला दिसतं. 2024 च्या लोकसभेला बीडमध्ये मराठा समाजाचे बजरंग सोनवणे वंजारी समाजाच्या पंकजा मुंडेंपेक्षा 6,553 मतांनी पुढे राहिले. एवढ्या मोठ्या मतदारसंघात एवढंच अंतर. मग प्रत्येक गावाला वाटतं की निकाल आपल्यामुळे लागला, नाहीतर आपल्यामुळे गेला. बूथनिहाय आकडे जाहीर होतात, ते मोबाइलवर फिरतात आणि पारावर हिशेब मांडला जातो: आपल्या बूथवर समाजाची मतं इतकी, पडली इतकी, बाकीची गेली कुठे? त्या बेरीज-वजाबाकीत घरातली गप्प बाई संशयाच्या रकान्यात जाते. आकड्यांवरून गावाचा अंदाज बांधता येतो, माणसाचा येत नाही. पण हे संतापलेल्या माणसाला कोण सांगणार?

आता जरा अवघड गोष्ट. मुंबई-पुण्यात एखादी बाई राजकारणावर बोलली नाही तर लोक म्हणतात, तिला रस नसेल. तुमच्याकडे तसं होत नाही. तुमच्याकडे तुम्ही गप्प राहिलात तरी तुमचं आडनाव बोलतं. तुमच्या जिल्ह्यातल्या पोलीस खात्यालाही हे मान्य करावं लागलं. 2025 साली बीडच्या पोलीस अधीक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली, फक्त पहिलं नाव ठेवलं आणि एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारा असं सांगितलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने आधी आडनाव वाचायचं आणि मग न्याय मिळेल की नाही ते ठरवायचं, इतकी वेळ आली होती. अशा ठिकाणी नुसतं गप्प बसलं तर ती जागा रिकामी राहत नाही. जो तो आपल्या मनातलं त्यात भरतो. दिरांनी एक भरलं, मैत्रिणीने दुसरं भरलं. दोघांनाही तुम्ही काही सांगितलंच नव्हतं, मग त्यांनी तरी काय करावं?

म्हणून माझं म्हणणं असं की गप्प राहायचं तर सांगून राहा. मी या विषयावर बोलणार नाही, का बोलणार नाही, आणि कुणापुढेच बोलणार नाही, हे एकदा, तोंडावर, शांतपणे सांगून टाका. मनातल्या मनात गप्प राहणाऱ्या माणसावर लोक संशय घेतात. सांगून गप्प राहणाऱ्यावर चार दिवस रागावतात आणि मग ते धरून चालतात.

हे दिरांना सांगण्याआधी सासऱ्यांना सांगा. ते ऐकत असतात असं तुम्ही लिहिलंय, आणि मला त्यात आशा दिसते. संध्याकाळी चहा देताना, इतर कुणी नसताना सांगा: “मामा, आरक्षणाबद्दल माझं मत काय ते मी घरात, शाळेत, मोबाइलवर, कुठेच बोलणार नाही. माझ्या वर्गात दोन्हीकडची लेकरं आहेत. बाई आपली नाही असं त्यातल्या एकालाही वाटता कामा नये. समाजाचं दुःख मला कळतं. पण हे मी ठरवलंय.” एवढंच. वाद घालू नका, पुरावे देऊ नका. नंतर दिरांनी विचारलं की हीच वाक्यं पुन्हा म्हणा. शब्दही बदलू नका. बदलले की त्यातून नवा अर्थ निघतो.

आणि सासऱ्यांना मोर्चाची आठवण द्या. तुम्ही सगळे त्यात चालला होता म्हणता ना! कोपर्डीत एका मराठा मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर 9 ऑगस्ट 2016 ला तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला मुंबईत अठ्ठावन्नावा. लाखो माणसं, घोषणा नाही, नेत्याचं भाषण नाही, पुढे मुली आणि बायका, कलेक्टरला निवेदन द्यायला मुलीच, आणि मोर्चा सरला की मागून रस्ता झाडणारी पोरं. साऱ्या महाराष्ट्राने त्या वेळी कान टवकारले ते त्या शांततेमुळे. जो समाज तसा चालला, त्या घरातल्या थोरल्या माणसाला एका सुनेच्या न बोलण्याचा मान ठेवता येईल असं मला मनापासून वाटतं. हे टोमणा म्हणून म्हणू नका. खरंच आठवण म्हणून म्हणा.

स्टेटसचं म्हणाल तर नोकरीचा आधार तुम्हाला आहेच. जिल्हा परिषद सेवेचे वर्तणूक नियम 1967 पासूनचे आहेत. राजकीय चळवळीत आणि निवडणुकीच्या प्रचारात कर्मचाऱ्याने भाग घेऊ नये हे तुम्हाला नोकरीला लागतानाच सांगितलेलं असतं. पण घरात सांगताना केवळ त्या नियमाच्या आड उभ्या राहू नका. “नोकरी जाईल म्हणून” असं म्हटलंत की त्याचा अर्थ होतो, मनातून मी तुमच्याच बाजूची, फक्त हात बांधलेत. मग मैत्रिणीचा संशय खरा ठरतो, आणि तुमच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दीर स्टेटस मागायला येतील.

नियमापेक्षा मोठं कारण तुमच्या कामातच आहे, आणि ते गावाला समजेल असं आहे. जानेवारी 2024 मध्ये मराठा आणि खुल्या प्रवर्गाचं सर्वेक्षण झालं तेव्हा मोबाइल हातात घेऊन दारोदार कोण फिरलं? शिक्षकच. छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, घरातल्या बायकांना किती शिकवलं, असे शंभरावर प्रश्न लोकांना तुम्हीच विचारलेत. जुनी कुणबी नोंद सापडली की मराठ्याला ओबीसीचा दाखला मिळतो; त्या नोंदी शोधायला सरकारची शिंदे समिती बसली तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली. ती सांभाळतं कोण? मतदानाच्या दिवशी बोटाला शाई कोण लावतं? हे सगळं ज्या हाताने होतं तो हात कुणाचाच नाही, असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं पाहिजे. गावात असा एक जरी हात उरला तरी गाव चालतं.

कुणी भावकीतून वाळीत टाकायची भाषा केली तर एवढं लक्षात असू द्या की 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात जुलै 2017 पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे घरात बोलून दाखवायची गरज पडू नये. पण माहीत असलं की पाय डगमगत नाहीत.

घरच्या ग्रुपवर राहा. बाहेर पडलात तर तीसुद्धा एक घोषणाच होईल. पण दुसऱ्या समाजाच्या बायकांवर, त्यांच्या कामावर, त्यांच्या गेलेल्या माणसांवर विनोद आला की त्याला हसरा चेहरा टाकू नका. आणि शक्य असेल तर तेवढ्यापुरतं लिहा: “हे नको.” दोनच शब्द. यात आरक्षण कुठे आलं?

इथून मी त्या पेढ्याकडे येते.

बाई, मैत्रीण तुमच्यावर रागावली ती तुमच्या मतामुळे नाही, असं मला वाटतं. अठरा वर्षांत तिला तुमचं आडनाव माहीत होतंच. तुमचं घर कुठल्या बाजूला झुकणार हेही तिला माहीत होतं. ती रागावली त्या दिवशीच्या त्या मिनिटाला. तिच्या देखत, तिला ऐकवण्यासाठी, “जिरली एकदाची” असं म्हटलं गेलं, डबा फिरला, आणि तुम्ही हात पुढे केलात. तुम्हाला वाटलं, मी काही बोलले नाही म्हणजे मी मधे राहिले. तिने मात्र ओळखीचा हात पेढा उचलताना पाहिला. त्या जागी तुम्ही असतात आणि निकाल उलटा लागला असता तर? तिने पेढा घेतला असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?

उमेदवार कोण हरलं, कोण जिंकलं, यावर तुमचं काहीही मत असो. समोर बसलेल्या बाईला खिजवलं जात असताना “सर, हे इथे नको” म्हणायला कुठलाही पक्ष लागत नव्हता. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. असे प्रसंग इतक्या झटकन येतात की हात आधी हलतो, डोकं मागून येतं. पण झालं ते तिला लागलं. ते तुम्ही तिच्याकडे जाऊन कबूल करायला हवं, आणि त्याची सारवासारव न करता.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. ती मी आजवर या सदरात लिहिली नव्हती.

माझे वडील परभणी जिल्ह्यात एका दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक होते. 1978 साली मी त्यांच्याच हाताखाली चौथीत शिकत होते. 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आग लागली, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आमच्या गावात रोज संध्याकाळी पारावर त्याच गप्पा. वडील पारावर बसायचे, पण नामांतरावर अक्षरही बोलायचे नाहीत. “गुरुजी कुणाकडून?” हे त्यांनाही विचारलं गेलं होतं. ते म्हणायचे, “मी पोरांकडून.” लोक हसून सोडून द्यायचे. गावात त्यांना फार मान होता, आणि तो या न बोलण्यामुळेच टिकून आहे असं आम्हाला वाटायचं.

एका रात्री दलित वस्तीवरची घरं जळाली. सकाळी मी वडिलांबरोबर शाळेत गेले तेव्हा हवेत ओल्या राखेचा वास होता. रात्रीच पाऊसही पडून गेला होता. प्रार्थना झाली. वडिलांनी हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत गेले. वस्तीवरच्या मुलांची नावं आली की वर्गात शांतता. वडील क्षणभर थांबायचे आणि पुढच्या नावावर जायचे. अकरा नावं होती. मी पहिल्या रांगेत बसले होते, त्यांच्या टाकाचं टोक मला दिसत होतं. “गै.” पुन्हा “गै.” दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या महिन्यात ती नावं पटावरून कमी झाली. ती कुटुंबं कुठल्या तरी मोठ्या गावाकडे गेली असं नंतर कानावर आलं. गावात कुणी वडिलांना त्या मुलांबद्दल विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्यात बाबासाहेबांचं नाव आलं तेव्हा वडील निवृत्त होऊन घरी बसले होते. रेडिओवर बातमी लागली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “मी तेव्हा मत सांगितलं नाही याचं मला काही वाटत नाही. पण त्या अकरा लेकरांच्या घरी जाऊन यायला मला कोणतं मत लागत होतं?” त्यांना अकराच्या अकरा नावं तोंडपाठ होती. आडनावांशिवाय, फक्त हाक मारायची नावं. ती त्यांनी मला म्हणून दाखवली.

तुमच्या पत्रातलं “वर्गातली मुलंही हल्ली आपापली वेगळी बसतात” हे वाक्य वाचलं तेव्हा मला तो टाक दिसला. तुम्ही ते वाक्य घाईने लिहून पुढे गेलात. बाई, मी तिथेच अडले. “लहान आहेत, विसरतील” असं नाही होत. मी चौथीतच होते, आणि मला ओल्या राखेचा वास आजही आठवतो.

मुलं घरून ऐकून येतात. तुमच्या वर्गात अशीही लेकरं असतील ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि ती आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहून शाळेत येतात. ऊसतोडीला दोन्हीकडची माणसं जातात. फडात मोळी उचलताना पाठ सारखीच मोडते. वाटण्या होत होत दीड-दोन एकरांवर आलेल्या घरातला पोरगाही तुमच्या वर्गात आहे. त्याच्या बापाला वाटतं, लेकराला सवलत मिळाली नाही तर तोही इथेच सडेल. आणि कोयत्यावर गेलेल्या आईला वाटतं, आपल्या पोरीच्या वाट्याची भाकरी कुणीतरी वाटून नेतंय. दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यातून वाट काढणं सरकारचं, आयोगाचं, कोर्टाचं काम आहे, तुमच्या चौथीच्या वर्गाचं नाही. आरक्षणावर माझंही मत आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला उत्तर द्यायला मला ते लागत नाही.

वर्गात मात्र गप्प राहू नका. भाषण देऊ नका, जातीचा ज सुद्धा काढू नका. सोमवारी हजेरी घेताना फक्त पहिलं नाव घ्या. पटावर पूर्ण नाव असू द्या, हाक मारताना आडनाव गाळा. एकाच नावाची दोन असली तर वडिलांचं नाव जोडा. मग बसायची जागा बदला. पहिल्या आठवड्यात वाढदिवसाच्या महिन्याप्रमाणे, दुसऱ्या आठवड्यात उंचीप्रमाणे, तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकून. दर सोमवारी जागा बदलते हा वर्गाचा नियमच करून टाका, म्हणजे कुणाला तोडलं असं वाटणार नाही. खिचडी वाढायला जोड्या करा, एक पातेलं धरणारा, एक वाढणारा, आणि जोडीही दर आठवड्याला नवी. कुणी पालक येऊन म्हणालाच की माझ्या पोराला अमक्याजवळ बसवू नका, तर त्याच्याशी दारात उभ्याने बोलू नका. आत बोलवा, बाकावर बसवा आणि सांगा, “माझ्या वर्गात जागा मी ठरवते.” इथे आवाज चढला तरी चालेल. दिरांपुढे जो आवाज तुम्ही खर्च केला नाही तो इथे वापरा.

केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, कारण राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची पण त्यांच्या धर्माच्या शिकवणुकीमुळे गायची नाहीत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलणंही येतं, हे आपल्याकडे एका शाळेतल्या मुलांमुळे पक्कं झालं. मला त्यातलं त्यांचं उभं राहणं फार महत्त्वाचं वाटतं. ती गात नव्हती, पण बसूनही राहत नव्हती.

आता मैत्रीण. तिला फोनवर काही लिहू नका, लिहिलेलं पुढे जातं आणि तुम्हा दोघींनाही त्याचा त्रास होईल. घरी जाऊ नका, आजच्या दिवसांत तिच्या घरच्यांना ते अवघड होईल. स्टाफरूममध्ये तर नकोच. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसरीच्या वर्गात जा. ती एकटी असेल असा दिवस बघा. तिने नको म्हटलं तरी त्या दिवशी पाच मिनिटं थांबा. सांगा: “त्या दिवशी मी पेढा घेतला. घ्यायला नको होता. सरांना तिथेच थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही. चुकलं माझं.” तिथे थांबा. “पण माझ्या मनात तसं काही नव्हतं” हे त्याला जोडू नका. ती काही बोलली तर ऐका. ती कदाचित सरकारी निर्णयाबद्दल बोलेल, तिच्या मुलाच्या प्रवेशाबद्दल बोलेल, तिच्या दुकानदार भावाकडे गिऱ्हाईक येईनासं झालं त्याबद्दल बोलेल. तिचं म्हणणं पटो न पटो, खोडू नका. तुम्ही आरक्षणावर बोलणार नाही हे तिलाही सांगा, घरी सांगितलं त्याच शब्दांत. आणि एवढं जास्तीचं सांगा की तिला कुणी तुमच्या देखत टोचून बोललं तर तुम्ही गप्प बसणार नाही.

ती लगेच विरघळेल असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी ती तुमच्या डब्याला हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. तरीही तुम्ही डबा नेत जा, उघडा आणि मधे ठेवा. काय नेता डब्यात ते पत्रात लिहिलं नाहीत तुम्ही. अठरा वर्षांत तिला त्यातलं काय आवडायचं ते तुम्हाला नक्की माहीत असेल. सोमवारी तेच करून न्या.

तुमची,
ताई